ढोम्याचा खडा

“कुणाची गो तू?”

आवाज दारातून आला. माझ्या डाव्या हातात माशाचं धड होतं, उजव्यात डोकं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सुरी मी मघाशीच खाली ठेवली आहे.

१९८४ सालचा फेब्रुवारी होता. मुरगावहून निघून आम्हाला अकरा दिवस झाले होते. संशोधन जहाजाच्या मागच्या डेकला लागून एक अरुंद खोली होती, तिला आम्ही ओली लॅब म्हणायचो. सकाळी खोल पाण्यातून जाळं वर आलं होतं आणि चौऱ्याहत्तर मासे माझ्यापुढे ट्रेमध्ये पडले होते, बांगड्याएवढे, रुपेरी. माशाच्या डोक्यात, मेंदूच्या खाली, कानाचे बारीक खडे असतात. ते काढायचे, पुसायचे, नंबर घातलेल्या कुपीत ठेवायचे, हे माझं काम. झाडाच्या खोडात वलयं असतात तशी या खड्यांतही असतात. मासा किती वयाचा, हे त्यावरून कळतं. तो कुठल्या कुठल्या पाण्यातून फिरला तेही कळतं, असं तेव्हा नुकतंच ध्यानात येऊ लागलं होतं. ज्या पाण्यात तो राहिला त्याचा थर खड्यावर चढतो, आणि एकदा चढला की निघत नाही.

पाठ्यपुस्तकातली पद्धत अशी, की धारदार सुरीने डोक्यावर आडवा छेद घ्यायचा. पण जहाज हेलकावे खात होतं. सुरी दोनदा निसटली, एकदा बोट कापलं. उकाड्याने मासे मऊ पडायला लागले होते. तिसाव्या-पस्तिसाव्या माशाला माझा हात आपसूक बदलला. कल्ल्यात तर्जनी, मानेवर अंगठा आणि मनगटाला डावीकडे एक झटका. मान मोडते, डोक्याबरोबर आतडी निघून येतात, कवटीचा तळ उघडा पडतो. तीन सेकंदांचं काम. बावीस वर्षांत मी ते केलं नव्हतं.

दारात चहाची किटली घेऊन इस्माईलचाचा उभे होते. जहाजावरच्या मुख्य स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, ते आमचे भंडारी. साठीला आलेले, पांढरी दाढी, खांद्यावर कायम टॉवेल. किटली खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

“ही मोड भाटीची हाय,” ते म्हणाले. “भाटीच्या खारवीवाड्याची. बाकी कुणी डावीकडं मोडीत नाय. मी समोरचाच, पैलाडच्या मोहल्ल्यातला. कुणाची तू?”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. परचुरे सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. त्यांनी मान वर न करताच हसून म्हटलं, “अहो चाचा, या दामले! सदाशिव पेठेतल्या. यांच्या सात पिढ्यांत कुणी मासा शिवला नसेल.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी माशाचं डोकं ट्रेमध्ये ठेवलं.

“प्रयोगशाळेत शिकवतात ही पद्धत,” मी म्हटलं.

“लॅबोरेटरीत?”

“हो.”

“असंल,” ते म्हणाले. “मग लॅबोरेटरीत कुणी भाटीची मास्तरीण असंल. चुकलं मॅडम. नजर गेली आता माजी.” आणि त्यांनी माझ्या कपात चहा ओतला, काठोकाठ, एक थेंब न सांडता.

उरलेले मासे मी सुरीने कापले.

माझं नाव त्या जहाजाच्या यादीत डॉ. वत्सला दामले असं होतं. सहाव्या वर्षापर्यंत मी भाटीची वच्छी होते, बुधाजी भाटकरची मुलगी. बाबांची होडी फुटली आणि ते बोटीवर खलाशी म्हणून गेले. गेले ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. सहा-आठ महिन्यांत वाड्यात बोललं जाऊ लागलं की बुधाजीने मोंबासात बाई ठेवली. आधी कुजबुज होती, मग आईच्या तोंडावर टोमणे. वर्ष झाल्यावर आई मला घेऊन पुण्याला आली. मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथल्या व्यवस्थापक दामलेबाई एकट्या होत्या. शाळेत बापाचं नाव विचारतील, तो कुठे आहे म्हणतील, त्याला आईकडे उत्तर नव्हतं. बाईंनी मला आपली भाची म्हणून शाळेत घातलं आणि आपलं आडनाव दिलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. आईला सगळ्यांदेखत मी ‘सुंदराबाई’ म्हणायचं, हे मी दोन दिवसांत शिकले. मासे सोडायला थोडे जास्त दिवस लागले. स्वतःबद्दल आईने मग सांगून टाकलं की नवरा वारला. ते खोटं आहे असं ती समजत होती.

तर असा सगळा डोलारा होता. एका चुकीच्या झटक्याने तो कोसळणार होता.

जहाजावर मी एकटीच बाई होते. जेवताना शाकाहारी टेबलावर मी, डॉ. परचुरे आणि एक तमिळ अभियंता. सेकंड ऑफिसर रोज एकच विनोद करायचा, “मॅडम माशांचे कान तपासतात, पण त्यांचं ऐकत नाहीत.” सगळे हसायचे, मीही हसायचे. मग केबिनमध्ये जाऊन आकडे वहीत उतरवायचे. कधी कधी संध्याकाळी ध्यानात यायचं की दिवसभरात आपण बोललो ती सगळी वाक्यं खोली, तापमान आणि क्षारतेची होती. मला त्याचं काही वाटत नसे. ज्याला स्वतःबद्दल बोलायचं नसतं त्याला समुद्र बरा.

त्या सकाळनंतर मी स्वयंपाकघराच्या बाजूने जाणं टाळलं. चहासुद्धा सोडला. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी मागच्या डेकवर बाटल्या धुवायला आले, तर चाचा खालच्या कोठाराच्या झाकणाच्या चौथऱ्यावर बटाट्यांचं घमेलं घेऊन बसले होते.

“मॅडम, बसता काय जरा? भिऊ नका. मी काय इचारणार नाय.”

मी उभीच राहिले.

“तुम्ही पुण्याच्या,” ते सोलता सोलता म्हणाले. “पुनं मोठं शहर. तरी शिकलेल्या मान्सांची कुणाकुणाशी गाठ पडते. भाटीची एक बाय पुन्यास गेली हाय, संगती पोरगी. वीस-एकवीस वर्सं मी त्यांना शोधतोय.”

“कशासाठी?” मी विचारलं. हा प्रश्न कुणीही विचारला असता.

“निरोप हाय. तिच्या घोवाचा. बुधाजी त्याचं नाव.”

मी बाटल्यांचा क्रेट खाली ठेवला आणि चौथऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

“माजा एक भाव व्हता, अब्बास. खलाशी. साठ साली घरीच तापानं गेला. त्याची नल्ली घरात राह्यली. नल्ली ठावं ना? खलाशाचं सरकारी पुस्तक. ती नसंल तर बोटीवर पाय ठेवू देत नाय. बुधाजीला नल्ली मिळंना. दोनदा मुंबैस जाऊन हात हालवत आला. पोर लहान, होडी फुटलेली. मीच बोललो, अब्बासची घे. फोटोचं काय, दाढी वाढवली का समदे सारखेच.”

“चाललं?”

“चाललं म्हंजे! आठ महिनं तो अब्बास होडेकर. नमाजास माज्या बाजूस उभा राहायचा. मी डोळ्यानं खुणवायचो, आता वाक, आता ऊठ. एकदा सवयीनं हात जोडलन. आमचा मुकादम, सारंग, बोलला, अब्बास, ये क्या? तर हा म्हणतो, हात भरून आलेत, मोकळे करतोय.” चाचा हसले. हसता हसता त्यांनी टॉवेलाने नाक पुसलं. “घरी पत्र लिवायची चोरी. पैलाडच्या अब्बासचं पत्र भाटीच्या खारवणीला कसं जानार? म्हणायचा, एक फेरी झाली का जाऊनच सांगंन.”

मी बटाट्याच्या साली पाहत होते. एकेक साल अखंड उतरत होती. एक प्रश्न घशाशी आला होता, पण तो परक्या माणसाचा नव्हता. मी तो गिळला आणि दुसरा शोधला.

“मग?”

“मग रमजान आला. बासष्टचा, असाच फेब्रुवारी. त्याला कावीळ झालेली. मी बोललो, रोजा सोड, आजाऱ्याला माफ हाय. तर म्हणे, सारंगाला आधीच संशय हाय, तो माज्यावर डोळा ठेवून हाय. पकडला गेलो तर तू पण जेलात जाशील. चौदा रोजे केलन. पंधराव्या दिवशी उठला नाय.”

जहाजाचं इंजिन पायांखाली घुमत होतं. डॉ. परचुरे वरच्या डेकवर कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होते.

“समुद्रातच दिला त्याला. अब्बास म्हणून. कागदावर अब्बास, दुवा अब्बासच्या नावानं. कंपनीचं पत्र माज्या आईस गेलं, तुजा पोरगा मेला म्हणून. तिनं दोन वर्सांपूर्वीच पुरलेला.” त्यांनी नवा बटाटा घेतला. “मला तोंड उघडता येत नव्हतं. फळीवर ठेवला तेव्हा मी कानाशी वाकलो. लोकान्ला वाटलं, भावाचा मुका घेतोय. मी कानात बोललो, बुधा. आठ महिनं कुणी त्याला त्याच्या नावानं हाक मारली नव्हती मॅडम. म्हटलं, एकदा तरी ऐकून जाऊ दे.”

मी समुद्राकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

“माजी नोकरी सुटायला अजून वर्स लागलं. भाटीस गेलो तर घराला कुलूप. लोक म्हणाले, टाकलेली बायको, गेली पुन्यास कुठंतरी. मी त्यांना काय सांगू? सांगितलं तर नल्लीचं निघतंय. गप बसलो. ते एक माजं पाप हाय.” त्यांनी साल घमेल्यात टाकली. “त्याच्याकडं एक खडा व्हता. ढोम्याच्या डोक्यातला. ढोमा कळतो ना? मोठा मासा, त्याच्या कानात हा एवढा पांढरा खडा.”

“हो,” मी म्हटलं. “सिएनिडी कुळ.”

“त्याच्या पोरीचे पाच खडे व्हते खेळायचे. त्यातला एक तिनं त्याला दिलान. म्हणे तू येस्तोवर मी चारांवर खेळते.”

चारांवर तो खेळ पुरा होत नाही. शेवटचा झेल पाचाचाच असतो. मी वर्षभर चारांवर खेळले होते आणि प्रत्येक वेळी शेवटी थांबले होते. पुण्याला निघताना आईने ते चार खडे खाडीत फेकून दिले.

“त्या खड्याचं काय झालं?” मी विचारलं.

चाचांची सुरी थांबली. परक्या माणसाने हे विचारलं नसतं. मरणाचं विचारलं असतं, सारंगाचं विचारलं असतं, पण खड्याचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि परत सोलायला लागले.

“त्याच्या मुठीत दिला,” ते म्हणाले. “कापड शिवायच्या आधी.”

माशाच्या कानाचा खडा ॲरॅगोनाइट या चुनखनिजाचा असतो. खोल समुद्रात तो टिकत नाही. त्या भागात पाणी साडेचार हजार मीटर खोल आहे आणि त्याच्या बरंच वर, तळ गाठण्याच्या कितीतरी आधी, ॲरॅगोनाइट विरघळायला सुरुवात होते. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी त्याचा आलेख काढला होता.

“कुठे?” मी विचारलं. “जागा कुठली, कळलं होतं का?”

“तेच तर,” ते म्हणाले. त्यांनी सुरी ठेवली, ओले हात टॉवेलाला पुसले आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. “एक अंश बावीस मिनिट दक्षिण. पंचावन्न अंश चाळीस मिनिट पूर्व. सेकंड मेटकडनं इचारून पाठ केलेला. मला वाचता येत नाय, अर्थ पण कळत नाय. पण घरच्यांना द्यायला काहीतरी पायजे ना, थडगं तर नाय. बावीस वर्सं रोज एकदा म्हणतो. इसरंन म्हणून.” आणि मग हळू आवाजात, “सकाळी सेकंडसाहेबाला इचारलं, आपण कुठनं जानार. तो म्हणाला उद्या दुपारी त्याच्या अगदी जवळनं. म्हणून तोंड उघडलं. एरवी तुमास तरास दिला नसता.”

एक वाक्य पुरलं असतं. चार शब्दांचं. वर डॉ. परचुरे हसत होते. आमच्या संस्थेत कायमच्या जागेसाठी त्यांनी माझं नाव सुचवलं होतं, घरी जेवायला बोलावलं होतं, त्यांच्या आईला माझ्याबद्दल सांगितलं होतं, “आपल्यातलीच मुलगी आहे.” मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, “ती मुलगी कधी भेटली तर सांगते.”

“नाव वच्छी,” चाचा म्हणाले.

“लक्षात राहील.”

मी उठले. बाटल्यांचा क्रेट न्यायचं विसरले.

डॉ. परचुरेंना मी जेवायच्या आधी गाठलं. जहाज ठरलेल्या जागी थांबून आम्ही निरनिराळ्या खोलीवरचं पाणी घ्यायचो, त्या प्रत्येक थांब्याला स्टेशन म्हणायचं. सतरावं स्टेशन विषुववृत्तावर झालं होतं, अठरावं दोन अंश दक्षिणेला होतं.

“सर, मधे एक जास्तीचं स्टेशन हवंय. पाचशे मीटरपर्यंतच. चाळीस मिनिटं.”

“कारण?”

“सतराला तापमानाची उतरण फार तीव्र आली आहे. खात्री करून घ्यावी.” मी कागद पुढे केला. “ही जागा बरी पडेल. रेषेपासून जेमतेम चार मैल.”

उतरण खरोखरच तीव्र होती. खरं कारण हाताशी असलं की खोटं बोलायला सोपं जातं, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं.

त्यांनी आकडे पाहिले. “दामले, तुम्ही फार काटेकोर बुवा. आमच्या भाच्याला अशीच मुलगी हवी होती. पण तो गाढव आहे, तुम्हाला कशाला सांगू त्याचं नाव!” आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी एक वाजून वीस मिनिटांनी जहाज थांबलं. इंजिन बंद झालं की आधी काही क्षण कान बधिर झाल्यासारखे वाटतात. ऊन सरळ डोक्यावर होतं, पाणी तेलासारखं संथ. कप्पीवरून तार सुटायला लागली आणि बाटल्या एकापाठोपाठ एक खाली गेल्या. मी घड्याळ आणि वही घेऊन उभी होते.

चाचा स्वयंपाकघरातून बाहेर आले. टॉवेल त्यांनी डोक्याला बांधला होता. जहाज का थांबलं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते पलीकडच्या कठड्यापाशी गेले, दोन्ही हात उघडे धरले, ओठ हलत राहिले. मग आत गेले आणि परत आले तेव्हा हातात एक वाटी होती. ती त्यांनी माझ्या वहीशेजारी ठेवली. भाताची मूद, वर काळे तीळ.

“मॅडम, हात मोकळा झाला का एवढं पाण्यात सोडा,” ते म्हणाले. “त्याचं आमच्या रीतीनं झालेलं. त्याच्या रीतीनं राह्यलं. मला कांदा चुलीवर हाय, जातो.”

कांद्याचा वास कुठेच नव्हता.

मी वाटी घेऊन कठड्यापाशी गेले. काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं. भाटीत असते तर कुणीतरी सांगितलं असतं, पुण्यात मला ते विचारण्याचं कारण नव्हतं. मी भात हातात घेतला आणि सोडला. तो लगेच बुडाला नाही. शितं सुटी झाली, पांढरी, आणि खाली जाताना बराच वेळ दिसत राहिली.

“काय दामले, माशांना मेजवानी?” मागून डॉ. परचुरे.

“हो सर,” मी म्हटलं.

बाटल्या वर आल्या. मी तापमानं उतरवली, नमुने भरले, चिठ्ठ्या लावल्या. स्टेशन सतरा-अ. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी नमुना घेणाऱ्याची आद्याक्षरं लिहायची असतात. तिथे मी इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली, व्ही. बी. बी. शाई वाळेपर्यंत मी तक्ता उघडा ठेवला होता. कुणी पाहिलं नाही.

पुढच्या बंदरात चार दिवस, मग परतीचा प्रवास. चाचांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. मुरगावला उतरताना ते जिन्यापाशी भेटले, हातात पत्र्याची पेटी. ही त्यांची शेवटची सफर होती.

“सांगाल ना त्या पोरीला?”

“सांगते.”

“बास,” ते म्हणाले. मी पुढे काही बोलेन म्हणून थोडे थांबले. मग पेटी खांद्यावर घेऊन निघाले.

पुण्यात आई तांदूळ निवडत बसली होती. दामलेबाई वारल्या होत्या, आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. मी तिला सगळं सांगितलं, क्रमाने, चाचांनी सांगितलं तसंच. ती ऐकत होती आणि तिची बोटं ताटात फिरत होती. रोज्यांपाशी ती थांबली.

“चौदा दिवस?” ती म्हणाली. “त्याला उपास कधी झेपायचा नाय. शिवरात्रीस सुद्धा दुपारीच चोरून खायचा.” पुण्यात आल्यापासून तिने ही बोली माझ्यापाशीही कधी काढली नव्हती. ती हसली, मग पदर तोंडाला लावून बराच वेळ बसली. ताटातले खडे तिने पुन्हा तांदळात मिसळले होते.

नंतर तिने विचारलं, “तू त्या भंडाऱ्याला सांगितलंस ना, तू कोण ती?”

मी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“वच्छे?”

“नाही.”

आई मला रागावली नाही. ताट बाजूला सारलं. “मग तो अजून शोधत असंल गो,” ती म्हणाली.

मी पत्र लिहायला बसले. मजकूर सोपा होता, दोन ओळींचा. खाली सही कुठल्या नावाने करायची, तिथे अडले. दामले लिहिलं तर पत्राला अर्थ नव्हता. दुसरं नाव लिहायला हात पुढे जाईना. ते पोस्टातून जाणार होतं, टपालवाल्याच्या, चाचांना ते वाचून दाखवणाऱ्याच्या, कुणाच्याही हातात पडणार होतं. पत्र वहीत राहिलं. मला कायमची जागा मिळाली, मग नॉर्वेत दोन वर्षं गेली. अठ्ठ्याऐंशी साली मी अखेर भाटीला गेले आणि तरीच्या होडीतून खाडीपलीकडे उतरले. चाचांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दारात त्यांची सून उभी होती, कडेवर मूल.

“कुणाच्या गो तुम्ही?” तिने विचारलं. त्या किनाऱ्यावर ओळख विचारायची तीच रीत आहे.

मी म्हटलं, “पुण्याची. जहाजावर बरोबर होते.”

तिने पाणी दिलं. मी ते पिऊन परतीची तर पकडली.

आता सगळे गेले. आई नव्याण्णव साली गेली, डॉ. परचुरे त्याच्या आधी. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात संस्थेतून ऋजुता नावाच्या एका मुलीचा फोन आला. जुन्या सफरींचे कागद ती संगणकावर चढवते आहे.

“मॅडम, एक शंका होती. चौऱ्याऐंशीच्या सफरीत एक स्टेशन आहे, सतरा-अ. आराखड्यात ते नाहीच. आणि नमुना घेणाऱ्याची आद्याक्षरं व्ही. बी. बी. आहेत. मी सगळी यादी तपासली, खलाशांचीसुद्धा. असं कुणीच नव्हतं जहाजावर. ‘अज्ञात’ टाकू का?”

“नको,” मी म्हटलं.

“मग कोण होतं, आठवतंय तुम्हाला?”

“मी होते.”

“पण तुम्ही तर...” ती गोंधळली. “तुमची बाकी सगळीकडे व्ही. डी. आहेत. मग चूक म्हणून दुरुस्त करते ना?”

“चूक नाही. आहे तसं ठेव. आणि पूर्ण नावाचा रकाना असेल तर लिहून घे. वत्सला बुधाजी भाटकर.”

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. तिने काही विचारलं नाही. तिच्यापुढे अजून शेकडो तक्ते असणार.

“वत्सला बुधाजी भाटकर,” तिने वाचून दाखवलं. “बरोबर आहे, मॅडम?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पुन्हा एकदा वाच,” मी म्हटलं.